मुशीच्या अलीकडचा रुपया

विट्याकडच्या गलाईवाल्याला जुन्या रुपयाचं वय विचारलं तर तो वजन सांगतो. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पोटासाठी पार केरळ-बंगालपर्यंत सोनं-चांदी गाळायला गेली. कुठल्याही परमुलखातल्या सराफ बाजाराच्या बोळात शिरा, भट्टीपाशी कुणीतरी "पाव्हणं, गाव कंचं?" विचारणारच. जत्रेसाठी गावी आलेले असेच एक मामा सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ओळखीच्या दुकानात बसले होते. समोर मोडीची चांदी: वाळे, तोरड्या, चेपलेला करंडा आणि मूठभर रुपये.

मामांनी एकेक रुपया फरशीवर टाकला. राणीछाप खणखणला, पाचव्या जॉर्जचाही. मग एक बद्द वाजला. "ह्यो लढाईतला," म्हणाले आणि कड दाखवली. दातऱ्यांच्या मधोमध बारीक खाच. १८३५ पासून रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर तोळ्याचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली. बाकी तांबं, निकेल, जस्त. वजन तेवढंच राहिलं, त्यामुळे तराजूला फरक कळत नाही. जुन्यात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी, नव्यात सहा ग्रॅमसुद्धा नाही. १९४७ ला तर रुपया नुसत्या निकेलचा झाला.

निम्म्या चांदीची नाणी मुशीत गेली. सवागी टाकली, मळी वर आली, लगड ओतली. शुद्ध चांदी हवी तर लगड पुन्हा तेजाबात विरघळवायची आणि त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या. पाणी निळं होत जातं आणि पट्ट्यांवर करडी चांदी ओल्या राखेसारखी धरते. ती धुऊन, वाळवून परत मुशीत. घट किती आली, एवढंच मामा बघतात.

नाण्यांचा संग्रह करणाऱ्याची धडपड असते ती मुशीच्या अलीकडे नाणं गाठण्याची. गंमत म्हणजे त्याच्या हव्यासाला भाव आणते तीही मूसच. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली. जी हातात राहिली ती आज शोधली जातात. १९३९ चा रुपयाही असाच दुर्मिळ. उलट १९१८ चा रुपया ढिगानं मिळतो. त्या वर्षी चांदी कमी पडली, तेव्हा अमेरिकेनं पिटमन कायदा करून आपले २५ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी ब्रिटनला विकली. आपल्या आजीच्या गाठोड्यातल्या रुपयात अमेरिकेचा डॉलर मुरलेला असू शकतो.

हल्ली चांदीच्या नाण्यांच्या मालिकाच निघतात. मेक्सिकोची लिबर्ताद १९८२ ची. अमेरिकेनं सरकारी साठ्यातली चांदी खपवायला १९८५ मध्ये कायदा केला आणि पुढच्या वर्षी सिल्व्हर ईगल काढलं. १९८८ मध्ये कॅनडाचं मेपल लीफ आलं. दरवर्षी नवं साल, ३१.१ ग्रॅम, निदान ९९.९ टक्के चांदी. किंमत चांदीच्या भावावर, वर थोडी घडणावळ. आपल्याकडे धनत्रयोदशीला लक्ष्मी-गणपतीचं नाणं घेतात, पण मोडायला नेलं की घडणावळ बुडते. माझं मत विचाराल तर गुंतवणूक म्हणून ते चालेल, त्याला संग्रह मात्र म्हणू नये.

दुकानात एक गिऱ्हाईक पुतण्यानं अमेरिकेहून आणलेलं ईगल घेऊन आलं. मामांनी उलटसुलट केलं, "चोख हाय," म्हणाले आणि काट्यावर ठेवलं. साल बघितलंच नाही. शेजारी कडी झाळलेला राणीछाप पडला होता, माळेतून तोडलेला. झाळणीमुळे संग्राहक त्याला हात लावत नाहीत आणि झाळणीत हलका धातू म्हणून गलाईवालाही वजनात काटतो. मी तोच घेतला. मामांनी कडीचं वजन धरून पैसे लावले.