नळीची लांबी आणि घड्याळ

चार इंची नळीचें रिव्हॉल्वर चांगलें कीं सहा इंची? गुलमंडीवर खरेदी करणारा चोखंदळ गृहस्थ दोन वस्तु पारखतांना माप एकच ठेवतो. येथेंहि तोच न्याय लावावा: नेमबाज तोच, काडतूस तेंच, अंतर 25 मीटर.

लांब नळीचा लाभ भूमितीचा आहे. मागची खाच व पुढची माशी यांत 150 मिलिमीटर अंतर असून माशी एक मिलिमीटर ढळली, तर 25 मीटरांवर गोळी सुमारें 167 मिलिमीटर चुकते. अंतर 200 असेल, तर 125. परंतु लांब नळी पुढून जड असते आणि घाईंत हा जडपणा हाताला जाणवतो.

म्हणून परीक्षा दुहेरी हवी. महिलांच्या 25 मीटर पिस्तूल स्पर्धेंत तशीच व्यवस्था आहे: प्रथम 30 गोळ्या सावकाश, नंतर 30 घाईच्या. घाईच्या भागांत हात खालीं झुकलेला. लक्ष्य तीन सेकंद दिसतें, सात सेकंद लपतें. दर वेळीं एकच गोळी.

ह्याच प्रकारांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं 2018 सालीं पालेंबांग येथें आशियाई सुवर्णपदक जिंकलें. शस्त्र अर्थात् पिस्तूल होतें. अंतिम फेरींत थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशीं 34-34 अशी बरोबरी झाली व निकाल जादा फेऱ्यांनीं लागला. आशियाई क्रीडांत नेमबाजीचें सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

तेव्हां दोन्ही रिव्हॉल्वरांचे सावकाश व घाईचे गुण शेजारीं मांडावे, क्रम आलटून-पालटून कांहीं दिवस प्रयोग करावा. घड्याळ लावल्यावर ज्याचे गुण कमी घसरतात, तें त्या हाताला योग्य.