अडगळीतील भांडी आणि अंगणातील बाग

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, भंडाऱ्याहून पवनीस जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ हे गाव आहे. सभोवतालचा मुलूख धानाचा. मृग नक्षत्र लागले की शेतकऱ्याचे सारे लक्ष बांधीकडे लागते आणि रोवणी आटोपेपर्यंत घरातील बायामाणसांनाही उसंत मिळत नाही. नेमक्या याच दिवसांत बाजारातील भाजी महागते व चिखलपाण्यातून बाजार गाठणेही जिकिरीचे होते. ताटात भात असतो, वरण असते; परंतु हिरव्या भाजीचा वाटा कमी पडतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी असावी. पाच मोठ्या माणसांच्या घरात हे प्रमाण दिवसाला अर्धा किलो होते.

दाराशीच थोडी भाजी पिकविता आली, तर या उणिवेचा काही भाग भरून निघेल. त्यासाठी मोठी जागा किंवा विकतच्या कुंड्या हव्यातच असे नाही. घराच्या माळ्यावर व गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली जुनी भांडी या कामी येतात. फुटक्या काठाचा रांजण, गळकी बादली, तेलाचा रिकामा डबा, तडकलेली नांद या वस्तूंत पालेभाजीही होते आणि अंगणास शोभाही येते. मात्र कोणते भांडे घ्यावे व कोणते घेऊ नये, याचा विवेक प्रथम केला पाहिजे. तो न केल्यास शोभेची बागच घरातील माणसांस अपायकारक ठरण्याचा संभव असतो.

जुनीच रीत

भांड्यात रोप लावण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. अंगणातील तुळशीवृंदावन हे तिचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. नवरात्रात घटाभोवती माती पसरून तीत धान्य पेरतात; पूर्व विदर्भात काही ठिकाणी श्रावणात टोपलीतील मातीत गव्हाची भुजली उगवितात. थोड्या मातीत, थोड्या पाण्यावर अंकुर कसा जोपासावा, हे घरोघरच्या स्त्रियांस यामुळे ठाऊक असतेच. त्या ज्ञानाचा रोजच्या आहारासाठी उपयोग करून घ्यावयाचा आहे.

भंडाऱ्याची ख्याती पितळी भांड्यांसाठी आहे. ‘भाण’ म्हणजे पितळ, व त्यावरूनच गावास हे नाव पडले, असे सांगितले जाते. स्टेनलेस स्टीलचा प्रसार झाल्यावर हंडे, घागरी, घंगाळी, पराती हळूहळू स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या. या भांड्यांस तळाशी भोके पाडून त्यांच्या कुंड्या करणे मात्र उचित नव्हे. एक तर चांगल्या पितळेस मोडीतही भाव येतो व भोके पाडलेले भांडे पुन्हा वापरता येत नाही. दुसरे असे की, पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असून ओतीव पितळेत पुष्कळदा शिसेही असते. ओली माती व खत यांच्या सततच्या सहवासाने पितळ कळकते, आणि त्यातील अंश मातीत उतरतो. म्हणून पितळी भांड्यातील मातीत खाण्याची भाजी लावू नये. मातीच्या लहान कुंडीत झेंडू किंवा शेवंती लावावी व ती कुंडी घंगाळात अलगद ठेवावी. घंगाळाच्या तळाशी विटेचा तुकडा ठेवल्यास कुंडी पाण्यात बसत नाही. पाणी देताना कुंडी बाहेर काढावी व निथळल्यावर परत ठेवावी. असे केल्याने आजीच्या काळातील भांडे शाबूत राहते आणि पडवीची शोभाही वाढते.

पहिला प्रश्न : भांड्यात पूर्वी काय होते?

जुने भांडे हाती घेताच हा प्रश्न विचारावा. तेल, गूळ, धान्य, पाणी किंवा दूध यांसाठी वापरलेली भांडी गरम पाणी व राख यांनी स्वच्छ धुऊन निःशंकपणे वापरावीत.

कीटकनाशक, तणनाशक किंवा बुरशीनाशक यांचे डबे, बाटल्या व पिंपे भाजीसाठी, फुलांसाठी किंवा शोभेसाठीही घेऊ नयेत. कितीही वेळा धुतले तरी असे भांडे घरगुती वापरास योग्य होत नाही. लहान मुले बागेत खेळतात, कुंड्यांस हात लावतात व तेच हात तोंडात घालतात, हे विसरू नये. २०१७ सालच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. श्वासावाटे व कातडीवाटे ही औषधे शरीरात किती सहज शिरतात, याची ती दुःखद साक्ष होय. कीटकनाशक नियम, १९७१ यांतील तरतुदीप्रमाणे रिकामी वेष्टने पुन्हा कोणाच्या वापरात येतील अशा रीतीने बाहेर टाकता येत नाहीत. ती फोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात. औषधाच्या वेष्टनावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असलेले चौकोनी चिन्ह असते. हिरवा रंग पाहून ‘हे निरुपद्रवी आहे’ असे समजू नये. हिरवे चिन्ह इतरांच्या मानाने कमी विषारीपणा दाखविते, विषाचा अभाव नव्हे.

बाजारात मिळणारी जुनी प्लॅस्टिकची निळी पिंपे घेताना विक्रेत्यास त्यांचा पूर्वीचा उपयोग विचारावा. खात्रीचे उत्तर मिळाले नाही तर पिंप घेऊ नये. औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशव्या, बॅटरीची खोकी व इंजिन तेलाचे डबेही वर्ज्य करावेत. जुन्या रंगाच्या डब्यांबाबतही सावधगिरी हवी. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असू शके. असे डबे व रंगाचे पोपडे निघणारी भांडी भाजीसाठी घेऊ नयेत.

भांड्याची तयारी

साठलेल्या पाण्यात मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून प्रत्येक भांड्यास पाणी निघून जाण्याची वाट हवी. पत्र्याच्या डब्यास तळाशी सहा ते आठ भोके जाड खिळ्याने पाडावीत. खिळा आतून बाहेर ठोकावा, म्हणजे पत्र्याची वळलेली कड बाहेर राहते आणि आत पाणी अडत नाही. डब्याच्या वरच्या धारदार कडा हातोडीने आत वळवून घ्याव्यात. मातीच्या माठास भोक पाडावयाचे असेल तर तो रात्रभर पाण्यात भिजवावा व सकाळी खिळ्याचे टोक हलक्या हाताने फिरवीत भोक करावे. एकदम घाव घातल्यास माठ तडकतो.

भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही. तळाशी विटांचे तुकडे व खडी यांचा जाड थर देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते. तिने निचरा सुधारत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी त्या थरात उतरत नाही, व मुळांस मिळणारी माती मात्र कमी होते.

ज्या माठात पाणी पूर्वीसारखे गार होत नाही, त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. असा माठ जमिनीत पुरून झिरपत्या पाण्यावर वेल जगविण्यास निरुपयोगी असला, तरी कुंडी म्हणून चांगला चालतो. पत्र्याचा डबा दोन-तीन वर्षांत गंजून जातो. लोखंडाचा गंज भाजीस अपायकारक नसल्याने तोवर त्याचा उपयोग करावा.

माती

या जिल्ह्यात कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार व बरडी अशी जमिनींची नावे प्रचलित आहेत. कन्हार ही काळी, चिकण व भारी जमीन होय. ती एकटी भांड्यात भरल्यास ओली असता घट्ट बसते व वाळली की भेगाळते. सिहार ही पिवळसर, रेताड असल्याने भांड्यास अधिक सोयीची. सिहार किंवा मोरांड माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग व अर्धवट जळालेले धानाचे तूस एक भाग असे मिश्रण करावे. कन्हारच असेल तर तिन्ही जिनसा सारख्या प्रमाणात घ्याव्यात. भातगिरणीजवळ काळे तूस सहज मिळते. त्याने माती हलकी व भुसभुशीत राहते. कच्चे शेण मात्र घालू नये; त्याच्या उष्णतेने रोपे करपतात व हुमणीचा उपद्रव होतो.

तेलाच्या १५ किलोच्या डब्यात सुमारे १६ लिटर माती मावते. भिजल्यावर तिचे वजन २० किलोंहून अधिक भरते. यास्तव असे डबे कवेलूच्या छपरास किंवा कच्च्या वाशास टांगू नयेत. टांगण्यासाठी नारळाची करवंटी, लहान टोपली अशा हलक्या वस्तू घ्याव्यात.

कोणत्या भांड्यात काय लावावे

मेथी, कोथिंबीर, पालक व चवळाई यांस १५ सेंटिमीटर खोल माती पुरते. त्यांच्यासाठी उथळ व पसरट भांडी, फुटकी नांद किंवा आडवा कापलेला डबा घ्यावा. मिरची, वांगे व टोमॅटो यांस ३० सेंटिमीटर खोली हवी. तेलाच्या एका डब्यात एकच रोप लावावे. कारले, दोडका व वाल यांचे वेल मोठ्या रांजणात किंवा अर्ध्या पिंपात लावून मांडवावर चढवावेत. धणे पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत व रात्रभर भिजवावेत, म्हणजे उगवण लवकर व सारखी होते.

सर्व भांड्यांत एकाच दिवशी पेरणी करू नये. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. सहा भांडी असल्यास दर पाच दिवसांनी एकात पेरणी करावी, म्हणजे एक भांडे रिकामे होते तोच दुसरे तयार असते. दहा-बारा भांड्यांच्या बागेने घराची सारी गरज भागेल, असे मात्र समजू नये. मिरची, कोथिंबीर व आठवड्यातून एक-दोन वेळची पालेभाजी एवढे जरी दाराशी मिळाले, तरी बाजाराचा खर्च वाचतो आणि रोवणीच्या दिवसांतही ताटात हिरवा घास येतो.

मांडणी व शोभा

निरनिराळ्या आकाराची जुनी भांडी कशीही ठेवल्यास बागेऐवजी अडगळच दिसते. म्हणून त्यांस एखाद्या रंगाने सांधावे. मातीच्या भांड्यांवर गेरूचा हात द्यावा व काठावर चुन्याची नक्षी काढावी. पत्र्याच्या डब्यांस बाहेरून चुना लावावा. चुन्याने शोभेपलीकडेही लाभ होतो. मे महिन्यात या भागातील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हा उघडा पत्रा तापून मुळे भाजतात. पांढरा रंग ऊन परतवितो. उंच भांडी मागे, ठेंगणी पुढे व वेल कुंपणाशी ठेवावेत. भाजीच्या रांगेत मधूनमधून झेंडू, सदाफुली व गुलबक्षी लावावी. तुटकी बैलगाडीची चाके, जुने जाते, दगडी डोण याही वस्तू अशा मांडणीत खुलून दिसतात.

टाकाऊ वस्तूंतून केवढे सौंदर्य निर्माण होऊ शकते, याचे उदाहरण चंदीगढ येथे आहे. तेथे रस्ते निरीक्षकाची नोकरी करणाऱ्या नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या व चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे जमवून बाग उभारली. ती १९७६ साली लोकांस खुली झाली. गावच्या अंगणात एवढा विस्तार नको. परंतु वस्तू टाकण्यापूर्वी तिच्याकडे एकदा नीट पाहण्याची दृष्टी मात्र घेण्यासारखी आहे.

पाणी, डास व निगा

उन्हाळ्यात दोन वेळा, हिवाळ्यात एक दिवसाआड पाणी द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. दर तीन आठवड्यांनी मूठभर कुजलेले खत किंवा गांडूळखत घालावे. मावा दिसताच ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून फवारावी.

पावसाळ्यात सर्वांत मोठा धोका डासांचा असतो. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. कुंडीखालची ताटली, पालथी न ठेवलेली बादली, पितळी घंगाळाचा तळ व जुने टायर ही त्यांची आवडती ठिकाणे. म्हणून आठवड्यातील एक दिवस ठरवून सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. टायरमध्ये पाणी हटकून साचते. शिवाय त्याच्या रबरातील द्रव्ये मातीत उतरण्याची शक्यता असल्याने भाजीसाठी तो टाळणेच श्रेयस्कर.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

१९५२ साली २ ऑक्टोबर रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून शेतीची माहिती घरापर्यंत नेणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम राहिले आहे. परसबागेच्या बाबतीत हे घर म्हणजे मुख्यतः स्वयंपाकघर होय. म्हणून बैठक स्त्रियांच्या सोयीच्या वेळी घ्यावी. २०१८ पासून सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना म्हणून पाळला जातो. त्या सुमारास रोवणी आटोपलेली असते व रब्बीतील पालेभाज्यांची तयारी करता येते. प्रात्यक्षिकासाठी हा काळ उत्तम. अंगणवाडी किंवा शाळेच्या आवारात पाच जुन्या भांड्यांची बाग लोकांसमक्ष तयार करावी. त्याच दिवशी घरोघरचे औषधांचे रिकामे डबे वेगळे काढून त्यांची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावण्याची व्यवस्था पाहावी. एखाद्या घरी असा डबा पाण्यासाठी किंवा रोपासाठी वापरात आढळल्यास कोणास न दुखविता तो बदलून द्यावा. त्या घरात बाग लावण्याची सुरुवात या कामापासूनच करावी.