गोताबाया राजपक्षे: लष्करी गणवेश ते राष्ट्राध्यक्षपद

१८ नोव्हेंबर २०१९ रोजी गोताबाया राजपक्षे यांनी श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, ती अनुराधपूरच्या रुवनवेलिसाय महास्तूपाच्या परिसरात. तमिळ राजा एळार याचा पराभव करणाऱ्या दुट्ठगामणी राजाने हा स्तूप उभारला होता. केवळ सिंहली बहुसंख्यांच्या मतांवर आपण जिंकू शकतो हे ठाऊक होते, असेही ते त्या भाषणात म्हणाले.

१९४९ साली जन्मलेले गोताबाया १९७१ मध्ये लष्करात दाखल झाले आणि लेफ्टनंट कर्नल पदावरून निवृत्त होऊन अमेरिकेत गेले. २००५ मध्ये मोठे बंधू महिंदा राष्ट्राध्यक्ष झाले आणि गोताबाया संरक्षण सचिव. मे २००९ मध्ये एलटीटीईचा पराभव झाला. त्या अखेरच्या लढाईत हजारो तमिळ नागरिक मारले गेले. २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर लोकांना सुरक्षा हवी होती. त्याआधी एकही निवडणूक न लढवलेल्या गोताबायांना ५२.२५ टक्के मते मिळाली.

पुढे घराण्याचीच सत्ता आली. महिंदा पंतप्रधान झाले. ऑक्टोबर २०२० च्या विसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवले. कोरोनाने दगावलेल्या मुस्लिमांचेही सक्तीने दहन केले गेले. करकपातीने तिजोरी आटली. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी आली आणि भातशेती कोलमडली. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली. इंधन, औषधे, गॅस यांसाठी रांगा लागल्या. ९ जुलैला जनता राष्ट्राध्यक्ष निवासात शिरली. त्या आंदोलनात सिंहली, तमिळ, मुस्लिम होते, भिक्खूही होते. गोताबाया मालदीवमार्गे सिंगापूरला गेले आणि तेथून त्यांनी राजीनामा पाठवला.

आपण बौद्धांनी यातून काय घ्यावे? स्तूपासमोर शपथ घेतल्याने राज्य धम्माचे होत नाही. दस राजधम्मांत दान, शील, अक्रोध, अहिंसा आहेत. शेवटचा आहे अविरोध, म्हणजे लोकांच्या इच्छेला आडवे न जाणे. शेतकऱ्याला न विचारता खत बंद करणारा आणि शोकाकुल कुटुंबाचे न ऐकणारा शासक या कसोटीवर उतरत नाही, मग तो बौद्ध का असेना.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते. तो इशारा बौद्ध देशांनाही तितकाच लागू आहे. शासकाचा धर्म पाहण्याआधी त्याचा कारभार पाहिला पाहिजे.