अ अननसाचा, ऊ उसाचा

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या प्राथमिक शाळांची जनरल रजिस्टरं चाळली, तर चक्रावून जायला होतं. पानामागून पान उलटा, मुलांची जन्मतारीख एकच: १ जून. पत्रिका मांडणाऱ्या ज्योतिषाने हात टेकावेत, इतकी मुलं त्या एका दिवशी जन्मलेली. खुलासा साधा आहे. शाळा जूनमध्ये भरायची आणि जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा. आईबापांना आठवायचं ते एवढंच, की पोरगं होळीनंतरचं किंवा मोह वेचायच्या दिवसांतलं. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला सांगत. लहानपणी डोकं मोठं आणि हात आखूड असतात, त्यामुळे साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास बोटं कानाला लागतात. कान हाती आला की पोरगं शाळेत दाखल! वर्ष अंदाजाने ठरायचं, तारीख मात्र १ जून ठरलेलीच. दाखल्याविना वय ओळखण्याची ही युक्ती आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत वापरली गेली.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी परिसरात शाळेचा इतिहास शोधायचा, तर अशा नोंदींपासूनच सुरुवात करावी लागते. काठी हे सातपुड्यातलं जुनं भिल्ल संस्थान, पश्चिम खानदेशातल्या मेहवासी जहागिऱ्यांपैकी एक. आज त्याचं नाव गाजतं ते राजवाडी होळीमुळे. ही परंपरा १२४६ सालापासूनची असल्याचं इथे सांगितलं जातं. इतकी जुनी आठवण जपणाऱ्या मुलखात शाळा मात्र अगदी अलीकडची पाहुणी.

का, ते समजायला इथला भूगोल पाहावा लागतो. देशावरचं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेशीच्या आत दाटीने बसलेली घरं येतात. सातपुड्यातलं गाव तसं नसतं. ते पाड्यांचं असतं. या टेकाडावर चार घरं, मधे दरी, पलीकडच्या उतारावर सहा. एकेक गाव डोंगरभर पसरलेलं. १९२३ साली मुंबई प्रांताने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, १९४७ साली नवा केला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण कागदावर ‘गावात शाळा आहे’ असं लिहिलेलं असलं, तरी पलीकडच्या पाड्यावरच्या सहा वर्षांच्या पोरीला ती दोन ओढे ओलांडूनच गाठायची असते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिची शाळा आपोआप बंद. शिक्षण हक्क कायद्यातली एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असण्याची अट २०१० साली लागू झाली. त्या अटीचं मोल नकाशा सपाट ठेवून वाचणाऱ्याला कळणार नाही.

शाळा मुलाकडे जात नसेल, तर मूल शाळेकडे आणायचं, हा दुसरा उपाय. समाजसेवक ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं आणि भिल्ल मुलांच्या आश्रमशाळांची वाट पाडली. पुढे राज्य सरकारनेही तीच वाट धरली. आश्रमशाळेने पोटाचा आणि अंतराचा प्रश्न एका फटक्यात सोडवला, हे कबूल करायलाच हवं. किंमत मात्र मुलांनी मोजली. सहा-सात वर्षांचं पोर घर, आजी, गुरं, जंगल सगळं सोडून वसतिगृहात. पळून घरी आलेल्या पोरांच्या गोष्टी या भागात घरटी एक तरी सापडतील.

आणि मग या मुलखात खरं नवल घडलं. ते घडवलं धरणाने.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पायाभरणी ५ एप्रिल १९६१ रोजी झाली. १९७९ साली नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात जाणार होती. नऊ अक्कलकुवा तालुक्यातली, बाकीची अक्राणीतली. सगळ्यांत आधी मणिबेली. नर्मदा बचाव आंदोलन उभं राहिलं तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की मोजणीचे कागद, नोटिसा, पंचनामे सगळं मराठीत आहे आणि ते वाचणारं घरात कुणी नाही. इथल्या कित्येक शाळा तर फक्त कागदावरच चालतात, अशी लोकांची तक्रार होती. तेव्हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे गावकऱ्यांनी स्वतःच शाळा काढल्या. नाव ठेवलं ‘जीवनशाळा’. ‘लढाई-पढाई साथ साथ’ ही घोषणा तेव्हाचीच.

आता यातली गंमत पाहा. बुडणार म्हणून ठरलेल्या जागेवर माणसं शाळा बांधत होती! बांबू, लाकूड, कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, श्रम गावाचे. शिक्षक म्हणजे याच डोंगरातली जेमतेम शिकलेली तरुण पोरं. पक्की इमारत पाण्याखाली गेली की संपते. कुडाची शाळा मात्र पाणी चढलं की उकलून वरच्या टेकाडावर पुन्हा बांधता येते. नदीकाठची घरं जशी मागे सरकत गेली, तशा शाळाही सरकल्या. आज नर्मदा नवनिर्माण अभियान या संस्थेमार्फत त्या चालतात. चौथी पास होऊन इथली हजारो मुलं पुढच्या शाळांत गेली. दरवर्षी त्यांचा बालमेळा भरतो. धरण पूर्ण होऊन १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं, भिंतीची उंची १३८.६८ मीटर. शाळा त्याआधीही होत्या आणि नंतरही राहिल्या.

पण माझ्या मते जीवनशाळेचं मोठेपण बांबूत नाही, पाटीवर आहे. आपल्या सगळ्यांच्या घरी लागलेला अंकलिपीचा तक्ता आठवा आणि तो काठीच्या मुलाच्या डोळ्यांनी वाचा. अ अननसाचा: हे फळ त्याच्या डोंगरात नाही. आ आईचा: तो आईला ‘याहा’ म्हणतो, सातपुड्याची कुलदेवता याहामोगी, म्हणजे मोगीमाता. इ इमारतीचा: त्याचं घर कुडाचं. ई ईडलिंबाचा: हे तर आता शहरातल्या मुलांनाही चित्रातच भेटतं. पुढे येतो ऊ उसाचा. इथे मात्र त्याचा चेहरा उजळतो. ऊस त्याला पक्का ठाऊक आहे, कारण दिवाळी झाली की याहा आणि बाबा गुजरातला ऊसतोडीला जातात आणि बऱ्याचदा त्यालाही बरोबर नेतात. म्हणजे तक्त्यावरचं जे अक्षर त्याला सर्वांत जवळचं, तेच त्याला शाळेतून उठवून नेतं. (हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे ती याचसाठी.)

वाचायला शिकणं म्हणजे आवाज आणि खूण यांची गाठ मारणं. घरची भाषा मराठी असलेल्या मुलाकडे आवाज आधीच असतो, त्याला फक्त खूण शिकायची असते. भिलोरी किंवा पावरी या इथल्या बोली बोलणाऱ्या मुलाला खूणही नवी, आवाजही नवा आणि अर्थही नवा. तीन डोंगर एका दमात चढायचे आणि वर ‘हे पोरगं मंद आहे’ हा शेराही ऐकायचा. जीवनशाळेने पहिली चढण घरच्या भाषेतून केली. पावरी-भिलोरीत छोटी पुस्तकं तयार केली. त्यांत वडीलधाऱ्यांच्या कथा आल्या, झाडपाला आला. मराठी त्यानंतर. १९५६ सालापासून आपल्या राज्यघटनेत ३५० अ हे कलम आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं ते सांगतं. दिल्लीत लिहिलेलं हे कलम नर्मदेकाठच्या एका कुडाच्या खोलीत आपसूक पाळलं जात होतं.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, या प्रश्नाचं दूर आयर्लंडमध्ये एक विलक्षण उत्तर निघालं होतं. तिथे १८३१ पासून सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, त्या इंग्रजीतून. घरी आयरिश बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात काही ठिकाणी लाकडाचा तुकडा अडकवत. आयरिश शब्द तोंडून निघाला की त्यावर एक खाच, आणि खाचा मोजून शिक्षा. देश स्वतंत्र झाल्यावर, १९३७ ते १९३९ या काळात, त्याच प्राथमिक शाळांच्या मुलांना एक काम दिलं गेलं: घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि ते सांगतील ते वहीत लिहून आणा. सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी भुतांच्या, औषधांच्या, विहिरींच्या, दुष्काळाच्या गोष्टी लिहून आणल्या. लाखो पानांचा तो साठा आज त्या देशाच्या लोकसाहित्याचा मोठा खजिना आहे. ज्या शाळेने आजीची भाषा बंद पाडली, तिच्याच वह्यांत आजी जिवंत राहिली.

सातपुड्यातही अशा वह्या भरायला गोष्टींचा तोटा पडणार नाही. पण इथली मोजदाद होते ती वेगळीच. २०११च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. हा आकडा दरवेळी मान खाली घालून सांगितला जातो. त्याच जनगणनेत देशभरात भिल्ली भाषा बोलणारे एक कोटीच्या वर निघाले. हा आकडा कुणी सांगत नाही. ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आजही नाही.

काठीची होळी बघायला आता लांबलांबून माणसं येतात. सत्तर फुटांच्या आसपासचा बांबू हातांनी उभा करतात, पहाटे होळी पेटते, अंगावर नक्षी रंगवलेले, कमरेला भोपळे बांधलेले बुध्या रात्रभर नाचतात. अवश्य जा. पण त्या आठवड्यात शाळेचा पट बघू नका, पोरं सगळी होळीत असतात आणि कित्येकांचे आईबाप तेवढ्यासाठी ऊसतोडीवरून परतलेले असतात. शाळा बघायची असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा या. घाटात दरडी पडतात, मोलगी गावाच्या पुढे गाडी कुठवर जाईल याचा नेम नाही, पण ऊसतोडीला कुणी गेलेलं नसतं, त्यामुळे ओढे आडवे आले नाहीत तर पट तेव्हा भरलेला असतो. आणि येताना मराठी गोष्टींची पुस्तकं आणणार असाल, तर सोबत दोन कोऱ्या वह्याही आणा. पोरांच्या आज्यांकडे लिहून घेण्यासारखं पुष्कळ आहे.