मोटारीचे नाक केव्हा जागे होते?

पौषातल्या पहाटे चोकची मूठ ओढून फियाट सुरू करणारे वडील पुष्कळांच्या आठवणीत असतील. इंजिन गार असले की पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून मिश्रणात ते जास्त घालावे लागते. किती, हे तेव्हा मालकाचा कान ठरवीत असे. आता ते गाडीतला संगणक ठरवतो. आणि त्याच्यासाठी वास घेणारे एक नाक धुराच्या नळीत बसवलेले असते. तोच ऑक्सिजन सेन्सर.

१९७६ साली अमेरिकेसाठी बनवलेल्या व्होल्व्हो गाड्यांत बॉश कंपनीचा हा सेन्सर प्रथम आला. आत झिर्कोनियाची, म्हणजे एक प्रकारच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची, इवलीशी टोपी. तिच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोहोंतल्या प्राणवायूत जो फरक असतो त्यातून वीज उपजते : पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१. त्यावरून संगणक एक भार पेट्रोलला १४.७ भार हवा हे प्रमाण सांभाळतो.

गोम अशी, की ही टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापेपर्यंत नाक चोंदलेलेच! जुन्या सेन्सरना धुराच्या उबेचीच वाट पाहावी लागे. तोवर संगणक अंदाजाने, आणि सढळ हाताने, पेट्रोल ओतत राही. पुढे सेन्सरच्या पोटात विजेची शेगडी आली आणि ही वाट काही सेकंदांवर आली.

तेव्हा 'भारी सेन्सर टाका, गाडी पहिल्या चावीला उठेल' असे कोणी म्हणाले, तर पाकीट खिशातच ठेवावे. चावी फिरते त्या क्षणी स्वस्त-महाग सारेच सेन्सर झोपलेले असतात. तिथे बॅटरी, प्लग आणि इंजिनातल्या पाण्याची उष्णता मोजणारा दुसराच सेन्सर पाहावा. लाभ होतो तो सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात, आणि तोही जुन्या गाडीतला बिनशेगडीचा सेन्सर काढून शेगडीचा बसवला तर. त्याला किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, फ्यूज लावलेली १२ व्होल्टची वेगळी तार हवी.

चार तारांचा सेन्सर असेल तर शेगडी आधीच आहे. ती जळली आहे का, एवढे मिस्त्रीकडून मीटरने पाहून घ्यावे. शेगडीच्या दोन तारा बहुधा एकाच रंगाच्या असतात.