पडद्यावरचे विद्यापीठ

तोरण्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशातील विद्यापीठ आता परके राहिलेले नाही, असे वारंवार सांगितले जाते. लीड्सचे किंवा मेलबर्नचे संकेतस्थळ कोथरूडला जसे उघडते तसेच ते वेल्ह्यातही उघडते. अर्थात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क शाबूत असेल तर. हे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यावरून संधी समान झाली असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे.

कोथरूडच्या विद्यार्थ्याच्या घरात वा शेजारात तिकडे शिकून आलेले कोणी ना कोणी असते. छायाचित्रातील वसतिगृहात खोली खरोखर मिळते काय, शिकत असताना काम मिळते काय, हे तो फोन करून विचारतो. संकेतस्थळ हे त्याच्या अनेक साधनांपैकी एक. भोर किंवा वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यातील भातशेतकऱ्याच्या मुलीला असा माणूस सहसा लाभत नाही. तिच्यापाशी संकेतस्थळ असते, आणि ते नीट न उमगल्यास पुण्यातील सल्लागार. सारांश, ज्याच्याजवळ पडताळ्याची साधने सर्वांत कमी, त्याच्यावरच संकेतस्थळाचा प्रभाव सर्वांत अधिक पडतो.

यात अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला नवल वाटणार नाही. मंडईत वांगे हाताने दाबून पाहता येते. पदवीचा कस ती हाती पडल्यावर, पुष्कळदा त्यानंतरही काही वर्षांनी, कळतो. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसले तर बाजाराचे काय होते, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. गुण डोळ्यांना दिसत नाहीत तेथे लोक खुणांवर विसंबतात, हे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले. जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह या दोघांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक क्रमवारीतील आकडा, दगडी कमान, हिरवळीवर हसणारे निरनिराळ्या वर्णांचे विद्यार्थी, या सगळ्या अशाच खुणा होत. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांच्या भेटीची ठरलेली जागा. तेथे येणारे नटूनथटूनच येत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

हे नटणे कोठवर जाते? नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात-नियामक संस्थेने तेथील सहा विद्यापीठांचे दावे दिशाभूल करणारे ठरविले. त्यांतील एकाने आपण जगातील पहिल्या एक टक्क्यात असल्याचे म्हटले होते. ज्या देशाचे शिक्षण आपल्याकडे प्रमाण मानले जाते, तेथील ही गोष्ट आहे. त्याच देशात स्पर्धाविषयक प्राधिकरणाने २०१५ मध्ये विद्यापीठांना बजावले होते की, विद्यार्थी हा ग्राहक असून शुल्काव्यतिरिक्तचा खर्चही त्याला निवडीपूर्वी स्पष्टपणे कळला पाहिजे.

घोडे पेंड खाते ते नेमके येथेच. विद्यार्थ्याच्या भवितव्याला कलाटणी देणाऱ्या पुष्कळ गोष्टी विद्यापीठाच्या हातात नसतात. त्या सरकारे ठरवितात. कॅनडाने पहिल्या वर्षाच्या निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, ही वार्ता खेड्यापर्यंत पोहोचली आहे. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, ही पोहोचलेली नाही. प्रवेशाच्या रंगीत पानावर अशा नियमांना जागा मिळालीच तर ती तळाशी, बारीक अक्षरांत.

शिवाय पैसा उभा करणारे आईवडील तो इंग्रजी मजकूर वाचूच शकत नाहीत. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. पुणेकरांच्या फार्महाऊसपायी पानशेतच्या पट्ट्यात जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळते, आणि तुकडा विकण्याचा मोह तेथे सुरू होतो. पिढ्यान्‌पिढ्यांची खाचरे ज्या कागदावर विसंबून विकावयाची, तो कागद घरात एकट्या मुलीला वाचता येतो. सल्लागाराचा सल्ला बहुधा विनामूल्य असतो, कारण अनेक परदेशी विद्यापीठे प्रवेशामागे त्याला दलाली देतात. त्याची निष्ठा कोठे असावयाची, हे वेगळे सांगावयास नको.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, तेव्हा माहितीचे साधन याहून तोकडे होते. गोपाळरावांचे पत्र तेथील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांना मिळालेली माहिती थोडी होती, पण ती देणाऱ्या बाईला काही विकावयाचे नव्हते. आजच्या विद्यार्थिनीजवळ माहितीचा डोंगर आहे. उणीव आहे ती अशा बाईची.

आपल्याकडील संस्थांनीही फार मिरवू नये. शुल्क, अध्यापकवर्ग इत्यादी तपशील संकेतस्थळावर कोणालाही नोंदणी न करता पाहता यावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये सांगितले; हे सांगावे लागले यातच सर्व आले. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून राज्यभर लागू झाल्याने भोर-वेल्ह्यातील मुलांना दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम पंधराव्या-सोळाव्या वर्षीच पडद्यावर भरावा लागतो. परदेशी विद्यापीठ निवडण्याची ही जणू रंगीत तालीमच. त्या वेळी वर्गशिक्षक किंवा शाळेचा लेखनिक शेजारी बसला, तर महाविद्यालयाची बस गावापर्यंत येते की नाही हा प्रश्न तरी विचारला जातो.

पदवीनंतरच्या निवडीसाठी असे शेजारी बसणारे कोणी नाही. भोरच्या महाविद्यालयांना त्यासाठी मोठा खर्च करावा लागणार नाही. बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची त्यांच्या संमतीने केलेली यादी, आणि मराठीत दोन पानांचे पत्रक: एकूण वार्षिक खर्च किती, शासनाचा नियम कोठे पाहावा, प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती परत मिळते, सल्लागाराला पैसे कोण देतो. सप्टेंबरच्या सत्राचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरले जाऊ लागतात. तेव्हा हे पत्रक भाताची कापणी उरकून घरातील माणसे मोकळी होतात त्या सुमारास, दिवाळीच्या आगेमागे, त्यांच्या हाती पडावयास हवे.