भोसल्यांच्या सोयरिकी आणि छत्तीसगड

शिर्के, गुजर, मोहिते, निंबाळकर, जाधव ही मराठा घराणी भोसल्यांच्या गादीशी जोडली गेली ती तलवारीइतकीच लग्नांनी. संभाजी महाराजांची राणी येसूबाई शिर्क्यांची लेक, तर शिवाजी महाराजांची कन्या राजकुंवर हिला शिर्क्यांच्याच गणोजीला दिलेली. अशा साट्यालोट्यातून सरदार दरबाराला बांधला जाई आणि दरबारही सरदाराला.

पुढे सातारच्या शाहू महाराजांनी नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांना आपल्या एका राणीच्या माहेरची, म्हणजे शिर्क्यांचीच, सोयरीक करून दिली आणि रघूजी छत्रपतींचे साडू झाले. पेशव्यांशी त्यांची चुरस चाले, तेव्हा हे नाते पाठीशी असणे मोलाचे होते. शाहूंना औरस वारस नव्हता. दत्तकाची चर्चा निघाली तेव्हा रघूजींच्या मुधोजीचे नाव त्यात आले, तेही या नात्यापायीच.

1755 मध्ये रघूजी वारले आणि घरात पेच उभा राहिला. वयाने थोरला जानोजी धाकट्या राणीचा, तर मुधोजी आणि बिंबाजी थोरल्या राणीचे. वयाचा मान मोठा की आईचा, हे घरात मिटेना, म्हणून वाद पेशव्यांकडे गेला. जानोजीला सेनासाहेबसुभा हे पद मिळाले, मुधोजीला चांद्याचा भाग आणि सेनाधुरंधर ही पदवी, साबाजीला वऱ्हाडातला मुलूख. बिंबाजीच्या वाट्याला छत्तीसगड आले. 1741 मध्ये रघूजींचा सरदार भास्करपंत याने तिथल्या रतनपूरच्या हैहय राजाला नमवले होतेच. 1758 पासून बिंबाजी स्वतः तिथे राहून राज्य करू लागला. छत्तीसगडला मराठी राजा लाभला तो असा, दोन राण्यांच्या मुलांमधल्या वाटणीतून.

बिंबाजी 1787 मध्ये वारला. त्याची राणी उमाबाई सती गेली. दुसरी, आनंदीबाई, मागे राहिली आणि तिने सत्ता सहजासहजी सोडली नाही. मुलूख पुतण्या व्यंकोजीच्या नावे झाला. तो नागपुरातून सुभेदारांमार्फत कारभार पाही, पण रतनपुरात आनंदीबाईला डावलून फारसे काही होत नसे. सुभेदारांच्या याद्यांमध्ये तिचे नाव येत नाही म्हणून तिला विसरणे अन्यायाचे ठरेल.

रायपूरचा उदय मात्र गुजरांशी झालेल्या सोयरिकीच्या काळातला. 1817 मध्ये नागपूरचा राजा, दुसऱ्या रघूजींचा मुलगा परसोजी याचा खून झाला, आप्पासाहेब भोसले गादीवर आले, सीताबर्डीवर इंग्रजांकडून हरले आणि 1818 मध्ये पदच्युत झाले. थेट पुरुषवंश उरला नव्हता. तेव्हा दुसऱ्या रघूजींच्या लेकीचा मुलगा, गुजर घराण्यातला बाजीबा, तिसरा रघूजी या नावाने गादीवर बसवला गेला. तो अज्ञान होता. राजवाड्यात दुसऱ्या रघूजींची राणी बांकाबाई वडीलधारी होती, पण मुलुखाचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांनी हाती घेतला. छत्तीसगडचे मुख्यालय रतनपूरहून रायपूरला हलले ते याच वेळी, अॅग्न्यू या अधिकाऱ्याच्या अमलात. 1830 मध्ये मुलूख पुन्हा रघूजींच्या हाती आला, तरी मुख्यालय रायपुरातच राहिले.

11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. राण्यांना दत्तक घ्यायचा होता. गव्हर्नर-जनरल डलहौसीने तो नाकारला आणि 1854 मध्ये नागपूरसह छत्तीसगडही खालसा झाले. आहेरराव घराण्यातले यशवंतराव पुढे जानोजी या नावाने दत्तक वारस मानले गेले. इंग्रजांनी त्यांना देऊरचे राजे बहादूर ही पदवी दिली, राज्य दिले नाही.